उतारशाळेच्या रक्षकाचा आनंद

(रुग्णालयाच्या वार्षिक कृतज्ञता-समारंभात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अहवालाच्या पुढील पानांवर वर्षभराचा जमाखर्च लेखापरीक्षकांच्या सहीनिशी छापलेला आहे. तो आपण सवडीने पाहालच. प्रशासन विभागातील आम्हा मंडळींचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे ताळेबंद जुळला की वर्ष चांगले गेले असे मानण्याची आम्हांला सवय आहे. परंतु सरत्या वर्षात एक प्रश्न असा उभा राहिला की, त्याची नोंद कोणत्याही खात्यात करता येईना. त्या प्रश्नाविषयी आज आपल्याशी बोलावे असे वाटते.

पावसाळा संपत आला असताना प्रसूतिकक्षातील दोन ज्येष्ठ परिचारिकांनी सेवेतून मुक्त करण्याविषयी अर्ज दिले. कारण विचारता त्या दोघींनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. काम अवघड झाले आहे असे नाही, पगाराविषयी किंवा कोणा व्यक्तीविषयी तक्रारही नाही. पण ज्या भावनेने या सेवेत पाऊल टाकले ती भावना आता उरलेली नाही. सकाळच्या उपासनेत गीत गाताना ओठ हलतात, मन हलत नाही. कामाचे ओझे तेवढे उरले आहे.

हे अर्ज मंजूर झाले असते तर रात्रीची प्रसूतिसेवा बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याचा अर्थ काय, हे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील लोकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून बाळंतीण झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायची, तेथून जी मिळेल ती गाडी पाहायची आणि मग आमच्या दारावरून पुढे कल्याणची वाट धरायची. म्हणूनच आनंदाचा हा प्रश्न आम्हांला केवळ उपासनेतील प्रवचनाचा विषय वाटला नाही. कोणाची तरी खाट, कोणाचा तरी जीव त्यावर अवलंबून होता.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या निर्जन वाटेवर लुटारूंनी एका मनुष्याला अर्धमेले करून टाकले. याजक आणि लेवी, दोघेही त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. ज्या शोमरोनी लोकांचा यहुदी समाज तिरस्कार करीत असे, त्यांच्यापैकी एकजण मात्र थांबला. त्याने जखमांना तेल आणि द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि त्याची शुश्रूषा केली. धर्मादाय रुग्णालयांच्या भिंतींवर याच प्रसंगाचे चित्र आढळते. चित्रात शोमरोनी असतो, जखमी मनुष्य असतो, जनावरही असते.

या दाखल्यात आणखी एक मनुष्य आहे. त्याचे चित्र सहसा कोणी काढत नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोनी प्रवासाला निघाला तेव्हा त्याने उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दिनार ठेवले, या माणसाची काळजी घ्या असे सांगितले आणि यापेक्षा अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असा शब्द दिला. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर दोन दिवसांच्या मजुरीइतका अग्रिम आणि उर्वरित खर्चाची तोंडी हमी, एवढ्यावर तो रुग्ण दाखल झाला.

पुढे काय झाले ते दाखल्यात नाही. पण रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही ते सहज सांगता येईल. पट्ट्या रोज बदलाव्या लागल्या असतील. माखलेले कपडे धुवावे लागले असतील. रात्री तो मनुष्य वेदनेने ओरडला असेल आणि शेजारच्या खोलीतील प्रवाशांनी तक्रार केली असेल. दोन दिनार संपल्यावर रक्षकाच्या घरातून विचारणाही झाली असेल की, हा खर्च आता कोणाच्या नावे टाकायचा? शोमरोन्याला वाटेवर ज्या करुणेने थांबवले, तिचा उमाळा रक्षकाच्या वाट्याला आला नव्हता. त्याच्या वाट्याला दुसरा दिवस आला, तिसरा आला, आणि मग दहावा.

रुग्णालय म्हणजे हीच उतारशाळा होय. आमच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य पहिल्या दिवसाच्या करुणेत जात नाही. दहाव्या दिवसाच्या पट्टीत जाते. आषाढात चादरी वाळत नाहीत. जनरेटरला डिझेल लागते. प्राणवायूचे सिलिंडर मोजून घ्यावे लागतात. जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या पात्रांत वेगळा करून त्याची रोज नोंद करावी लागते. एका बाळंतपणाची नोंद तीन नोंदवह्यांत करावी लागते. या कामांपैकी एकाही कामाला पाहून डोळ्यांत पाणी येत नाही. मग प्रश्न असा उरतो की, रक्षकाला आनंद कोठून मिळावा?

यासंबंधी गेल्या वर्षात आम्ही जे शिकलो त्यातील काही गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट सर्पदंशाच्या उपचारातून शिकायला मिळाली. आपल्या भागात भाताची लावणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे वापरली जाते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती बिघडली आहे की नाही हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घ्यायचे, ती नळी न हलवता वीस मिनिटे ठेवायची आणि मग हळूच कलती करून पाहायची. रक्त वाहिले, म्हणजे गोठले नाही, तर विष शरीरात भिनले आहे असे समजून डॉक्टर लस सुरू करतात. या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही, विजेचीही आवश्यकता नाही. परंतु नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्यास चालना मिळते. प्लॅस्टिकची चालत नाही. आणि त्या काचेवर धुण्याच्या साबणाचा अंश राहिला असेल तर रक्त गोठण्याजोगे असूनही गोठत नाही व निष्कर्ष चुकतो.

आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हे स्वच्छता विभागातील मावशींना सविस्तर समजावून सांगितले. काचसामान हाताळणाऱ्या एका मावशींनी तोपर्यंत हजारो नळ्या हाताळल्या होत्या, पण नळीचे पुढे काय होते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर त्यांनी या चाचणीच्या नव्या नळ्या स्वतंत्र डब्यात, झाकणाखाली ठेवण्याचा प्रघात स्वतःहून पाडला. श्रावणात मुरबाडकडील एका शेतकऱ्याला पहाटे आणले गेले तेव्हा त्या कामावर होत्या. वीस मिनिटे संपेपर्यंत त्या दाराशी उभ्या राहिल्या. नळीतले रक्त वाहिले, लस सुरू झाली, आणि काही दिवसांनी तो गृहस्थ आपल्या पायांनी घरी गेला. त्या मावशींचे काम आदल्या दिवशी होते तेच दुसऱ्या दिवशीही होते. त्यात भर पडली ती एवढीच की, आपल्या हातातली नळी कोणाच्या उपयोगी पडते हे त्यांना ठाऊक झाले. कामाचे ओझे पुष्कळदा त्याच्या वजनाने वाढत नाही; ते काम कोणासाठी आहे हे दिसेनासे झाले म्हणजे वाढते.

दुसरी गोष्ट आम्ही जामखेडकडून शिकलो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले. ग्रामीण भागातील गरिबांची सेवा करण्याचा निश्चय त्यांनी विवाहाच्या वेळीच केला होता. आरंभी त्यांनी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. वॉर्डात उपचार घेऊन बरे झालेले रुग्ण त्याच गावात, त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जात आणि पुन्हा आजारी पडून येत. कितीही राबले तरी रांग संपत नव्हती. आम्हांला वाटते, सेवेतील आनंद कोरडा पडण्याची याहून मोठी जागा नाही.

सार्वजनिक आरोग्याचे पुढील शिक्षण अमेरिकेत घेऊन ते दोघे १९७० साली तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दुष्काळाचा तो काळ होता. गावकऱ्यांची पहिली निकड रुग्णालयाची नव्हती. पाण्याची आणि अन्नाची होती. आरोळे दाम्पत्याने ते ऐकून घेतले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांनी आपल्या जवळचे वैद्यकीय ज्ञान स्वतःपाशी ठेवले नाही. गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या आणि समाजाने दूर ठेवलेल्या घरांतून आलेल्या होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. या स्त्रिया नियमाने जामखेडला येत, आठवड्यात काय घडले ते एकमेकींना सांगत, नवे काही शिकत आणि गावी परत जात. गावातील गरोदर स्त्रिया, लहान मुले, पिण्याचे पाणी यांकडे त्या लक्ष देऊ लागल्या. या कार्यासाठी १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली प्रभूघरी गेले.

या कार्याचे महत्त्व जगाने आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने जाणले. आमच्यासारख्या सेवकांना त्यात आणखी एक अर्थ दिसतो. जो सर्व ओझे स्वतःच्या शिरावर ठेवतो त्याला सेवेचा शीण येतो, आणि ज्याचे ओझे तो वाहतो त्याला लाचारी येते. ओझे वाटून घेतले की दोघांचीही मान वर होते. मत्तयकृत शुभवर्तमानात प्रभू येशू थकल्याभागल्यांना आपल्याकडे बोलावतात आणि आपले जू अंगावर घ्या असे सांगतात. शहरातील ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. थकलेल्याला विसावा देताना जू कशासाठी? परंतु चिखलणीच्या वेळी बैलजोडी हाकलेल्या आपल्या शेतकरी बांधवांना ते चटकन समजते. आता गावोगावी पॉवर टिलर आले असले तरी जुनी माणसे सांगतात की, नवशिक्या बैलाला नेहमी मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपावे. जू दोघांच्या मानेवर असते, पण ओढ मुरलेला बैल घेतो आणि नवा त्याच्या चालीने चालायला शिकतो. जू एकट्यासाठी नसतेच. आपल्या शेजारी कोण जुंपलेला आहे याचे भान असणे, यालाच आम्ही प्रार्थना म्हणतो.

आपल्या मातीला हा विचार परका नाही. अरणच्या संत सावता माळ्यांनी आपला मळा हेच देवाचे स्थान मानले, आणि संत गोरोबांनी चिखल तुडवतानाच नामस्मरण केले, हे येथे बसलेल्या वारकरी मंडळींना आम्ही काय सांगावे! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती मराठीत आणताना अभंगाचीच वाट धरली, ती उगीच नव्हे.

जामखेडच्या स्त्रियांच्या त्या बैठकीवरूनच आम्हांला पुढील उपाय सुचला. आमच्या दोन्ही परिचारिकांशी पुन्हा बोलताना त्यांच्या मनातील एक सल बाहेर आला. रुग्ण घरी गेला की त्याचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. दिवाळीनंतर आपल्या भागातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. आश्विनात जन्मलेले बाळ पौषात कोठे आहे, त्याचे वजन वाढले की नाही, कोणास ठाऊक! रक्षकाला निदान शोमरोनी परत येण्याची आशा होती; आमच्याकडे कोणीच परत येत नाही, असे त्या म्हणाल्या.

यावर आम्ही एक साधी वही सुरू केली. तिचे नाव कोणी तरी ‘पुढे काय झाले’ असे ठेवले आणि तेच रूढ झाले. गावभेटीला जाणारे आमचे आरोग्य कार्यकर्ते आणि गाडीचे चालक ज्या पाड्यावर जातील तेथील जुन्या रुग्णांची विचारपूस करतात; शक्य तेव्हा वीटभट्टीवरही जातात. शनिवारी सकाळच्या उपासनेत ती वही वाचली जाते. रुग्णाची खासगी माहिती त्यात नसते. ज्यांनी सांगण्यास संमती दिली त्यांचीच खुशाली असते. एका नोंदीत बाळ बसू लागल्याचे आहे. एकीत हाड जुळलेला मुलगा शाळेच्या शर्यतीत धावल्याचे आहे. एका आजीने निरोप धाडला होता की, दवाखान्यातली पेज पाणचट होती, पण देणारीचा हात चांगला होता.

त्या वहीत दुःखाच्याही नोंदी आहेत, हे लपवणे योग्य होणार नाही. बारा दिवस आमच्याकडे राहून घरी गेलेले एक मूल पुढे दगावल्याची बातमी आली त्या शनिवारी उपासनेत गीत झाले नाही. आम्ही सर्वजण काही वेळ तसेच बसून राहिलो. त्या मुलाला अंगावर घेऊन ज्यांनी रात्री काढल्या होत्या त्या परिचारिका नंतर म्हणाल्या की, कळले हे बरे झाले. न कळता विसरून जाणे अधिक वाईट होते. ख्रिस्ती सेवेतील आनंदाविषयी बोलताना हा प्रसंग आम्हांला वगळता येत नाही. यशाच्या बातम्यांवरच जो आनंद उभा असतो तो रुग्णालयात टिकणार नाही. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आनंदाचा उल्लेख वारंवार येतो, आणि ते पत्र त्याने बंदिवासात असताना लिहिले. ज्याच्यासाठी आपण राबलो तो आपला होता, ही जाणीव दुःखाच्या दिवशीही उरते. तिलाच आम्ही आनंद म्हणतो.

तिसरी गोष्ट प्रशासनाच्या कर्तव्याची आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. दाखल्यातील शोमरोन्याने रक्षकाला पैसे दिले. देवाचे काम आहे, तेव्हा फुकट करा, असे तो म्हणाला नाही. सेवा या पवित्र शब्दाच्या आडून कोणाचे वेतन थकवणे, कोणाची रजा नाकारणे किंवा एकाच व्यक्तीवर दोन पाळ्या लादणे हे ख्रिस्ती सेवेत बसत नाही. जुन्या करारातील शब्बाथाची आज्ञा धन्याबरोबर दासदासींना आणि बैलालाही विसावा देते. आपल्याकडेही पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हिशेबाच्या वहीत आम्ही क्ष-किरण यंत्रावर दरवर्षी घसारा धरतो, कारण यंत्र झिजते हे कायद्याला मान्य आहे. माणूसही झिजतो, त्याची तरतूद ताळेबंदात नसते, ती पाळ्यांच्या वेळापत्रकात करावी लागते. यंदापासून सलग रात्रपाळ्यांनंतर विश्रांतीचा दिवस ठरलेला आहे, आणि विश्वस्त मंडळाने त्यासाठी लागणाऱ्या अतिरिक्त परिचारिकेच्या पदास मान्यता दिली आहे. याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक ऋणी आहोत.

येथे एक शंका कोणी घेईल. विश्रांती मिळाली, कामाचा अर्थ कळला, सोबत लाभली, आणि तरीही मन कोरडेच राहिले तर? अशा सेवकांनी काय करावे? मदर तेरेसांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खासगी पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कोलकात्याच्या रस्त्यांवरील मरणोन्मुख माणसांना हसतमुखाने उचलून घेणाऱ्या या माउलीने अनेक दशके अंतःकरणात काळोख अनुभवला होता, देवाचे सान्निध्य तिला जाणवत नव्हते, हे त्या पत्रांतून जगाला समजले. काहींना त्याचा धक्का बसला. आम्हांला मात्र त्यात मोठा दिलासा वाटतो. मन कोरडे असताना केलेली सेवा खोटी ठरत नाही. ज्याला त्या रात्री पाणी मिळाले त्याची तहान भागली, ही गोष्ट पाणी देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नव्हती. म्हणून आनंद वाटत नाही याची टोचणी लावून घेऊन आणखी एक ओझे कोणी डोक्यावर चढवू नये. लूकच्या त्याच दहाव्या अध्यायाच्या अखेरीस मार्था आहे. ती स्वयंपाकात गुंतली म्हणून प्रभूंनी तिला बोल लावला नाही. ती फार गोष्टींची चिंता करीत होती, एवढेच त्यांनी प्रेमाने दाखवून दिले. काही दिवशी आपण केवळ हातांनी सेवा करतो. मन मागाहून येते, आणि कधी कधी उशिरा येते. त्याची वाट पाहावी, काम मात्र थांबवू नये.

आता दोन शब्द आमच्या देणगीदारांशी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आमच्या भागात निर्धन रुग्णांची संख्या या टक्केवारीत मावत नाही, आणि लावणीच्या हंगामात हा निधी लवकर आटतो. ज्या तालुक्यातील तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, त्याच शहापूर तालुक्यातील काही पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. तेथून येणाऱ्या आजारी लेकराच्या आईकडे अनामत रक्कम मागण्याचे धैर्य आमच्या रोखपालाला होत नाही.

आपण आजवर इमारतीसाठी, रुग्णवाहिकेसाठी, यंत्रांसाठी उदार हस्ते दिलेत. त्या पाट्यांवरील नावांकडे पाहून आम्ही रोज कृतज्ञ होतो. परंतु शोमरोन्याचे दोन दिनार कशासाठी होते ते पाहा. त्यांतून उतारशाळेला नवी खोली बांधली गेली नाही. ते रोजच्या खर्चासाठी होते. भाकरीसाठी, तेलासाठी, पट्ट्यांसाठी. कोकणात पावसाळ्यापूर्वी घराघरांत आगोटीची तयारी करतात. धान्य, मीठ, लाकूडफाटा भरून ठेवतात. रुग्णालयाचीही आगोट असते. सर्पविषावरील लसीच्या कुप्या, सलाइन, डिझेल, कोरड्या चादरी, काचेच्या नळ्या आणि तीन महिन्यांचे वेतन. यांवर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. तरीही पहाटे तीन वाजता दार उघडे असते ते याच गोष्टींमुळे. या आगोटीसाठी आपला हात पुढे यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि शक्य झाल्यास केवळ धनादेश पाठवून थांबू नये. शोमरोनी परत येईन म्हणाला होता. आपणही वर्षातून एकदा, एखाद्या शनिवारी, सकाळच्या उपासनेला या. आपल्या दोन दिनारांचे पुढे काय झाले ते त्या वहीतून आपल्या कानांनी ऐका.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक सांगणे आहे. आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही असे आपण अनेकदा म्हणता. आपला रुग्ण घरी गेल्यावर महिन्याभराने एखादा निरोप धाडा. बरा असेल तर तसे कळवा, बरा नसेल तर तेही कळवा. आमच्या परिचारिकांना वेतन रुग्णालय देते. ही दुसरी देणगी मात्र केवळ आपणच देऊ शकता.

त्या दोन अर्जांचे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. एका भगिनींनी आपला अर्ज मागे घेतला. त्या आजही रात्रपाळीला आहेत, आणि शनिवारी वही वाचण्याचे काम त्यांच्याकडे आहे. दुसऱ्या भगिनींच्या घरी वृद्ध सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांनी सेवानिवृत्ती घेतली. आम्ही त्यांना आशीर्वाद मागून निरोप दिला. त्या आता आपल्याच घरी एकाच रुग्णाची उतारशाळा चालवीत आहेत, आणि तीही ख्रिस्ताचीच सेवा आहे. त्यांच्या जागी मुरबाड तालुक्यातील एक तरुण परिचारिका रुजू झाल्या आहेत. रात्रीची प्रसूतिसेवा एकही दिवस बंद राहिली नाही.

येत्या वर्षातही चादरी वाळणार नाहीत, डिझेल महागेल, नोंदवह्या भराव्याच लागतील. यांतले कोणतेही ओझे नाहीसे होईल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. परंतु ते कोणासाठी वाहतो हे एकमेकांना सांगत राहण्याचे, ते वाटून घेण्याचे आणि वाहणाऱ्याला विसावा देण्याचे वचन प्रशासनाच्या वतीने आम्ही आज देतो. ज्यांनी दोन दिनार ठेवले, ज्यांनी रात्री जागवल्या आणि ज्यांनी विश्वासाने आपले माणूस आमच्या हाती सोपवले, त्या सर्वांचे आम्ही अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो.